पट्टी सोडा, मग बोलू

मुसलमानाने भर चौकात उभे राहायचे. डोळ्यांवर पट्टी बांधायची, दोन्ही हात पसरायचे आणि शेजारी पाटी ठेवायची. मी मुसलमान आहे, माझा तुमच्यावर विश्वास आहे, तुमचा माझ्यावर असेल तर मिठी मारा, अशा अर्थाची. 2015 साली टोरांटोत हा प्रयोग झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिसमध्ये हल्ले झाल्यावर तिथल्या रिपब्लिक चौकातही एक तरुण असाच उभा राहिला आणि लोक रडत रडत त्याच्या गळ्यात पडले. मग आपल्या मुंबईतही त्याची नक्कल निघाली. याला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात. ओळख, आपलेपणा, संवाद असे मोठे शब्द त्याच्याबरोबर येतात.

या तरुणांच्या नियतीवर आम्हाला शंका नाही. पण मित्रहो, या खेळाचा नियम जरा तपासून पाहा. पट्टी कोणाच्या डोळ्यांवर आहे? आमच्या. परीक्षा कोणाची? आमचीच. येणारा-जाणारा बघणार, पारखणार आणि मनात आले तर जवळ घेणार. त्याला कोणी विचारत नाही की बाबा, तू भाड्याने खोली देताना आडनाव का विचारतोस? मिठीला दहा सेकंद लागतात आणि ती फुकट असते. खोली द्यायची म्हटले की अकरा महिन्यांचा करार करावा लागतो.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. हा खेळ आम्ही शाळेच्या स्टेजवर दरवर्षी पाहतो. राष्ट्रीय एकात्मतेचा कार्यक्रम आला की चार मुले उभी केली जातात. एकाला फेटा, एकाला पगडी, एकाच्या गळ्यात क्रूस, आणि टोपी घालायला आमचा पोरगा. आंतरशालेय कार्यक्रमाचे बोलावणे येते तेव्हा सोबत सूचनाही येते, "सर, तुमच्या मुलांची कव्वाली बसवा." आम्ही विचारले, कोळीगीत बसवू का? त्यावर समोरचे गृहस्थ हसले. वास्तविक यातल्या कितीतरी मुलांच्या घरी अम्मी-नानी कोकणी बोलतात, लग्नात हळदीची गाणी कोकणीत गातात, आणि बोंबील-जवळ्याचे भाव त्यांना कोणाही कोळ्याइतके ठाऊक असतात. पण कव्वालीशिवाय आम्ही मुसलमान दिसत नाही, आणि मुसलमान दिसलो नाही तर एकात्मता कोणाशी साधायची?

बी.एड.ला आम्हाला नाट्यीकरण पद्धत शिकवली होती. पात्र मुलाने निवडावे, संवाद त्याने स्वतःच्या भाषेत बोलावेत, एवढे तरी त्यात होते. या एकात्मतेच्या नाट्यात तेवढेही नाही.

आता न्हावा शेव्याकडे या. ओळखीवर कला करायची असेल तर यापेक्षा जागती जागा कुठे सापडणार? हे दोन गावांचे नाव जगातल्या बंदरांच्या कागदोपत्री फिरते. आणि शेव्याचे कोळी? बंदरासाठी त्यांना उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवले गेले. तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि नीट पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. 26 मे 1989ला बंदर सुरू झाले, त्याच्या आधी जानेवारी 1984मध्ये जासई आणि नवघरला गोळीबार झाला होता. दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहिलेले पाच शेतकरी त्यात गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या रक्तातून आला. 12 जानेवारी 2024ला शिवडीहून न्हावा शेव्यापर्यंत 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याच्यावर मोटारसायकल आणि रिक्षाला बंदी आहे. म्हणजे ज्याच्याकडे मोटार नाही, त्याने भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडावी किंवा बसची वाट पाहावी.

इथे आपलेपणाचा प्रश्न धर्माच्या पाटीने सुटत नाही. जमीन गेलेला आगरी, समुद्र गेलेला कोळी, परप्रांतातून आलेला ट्रकचालक, उरण-पनवेलचा कोकणी मुसलमान, या सगळ्यांचा सवाल एकच आहे, की ही जागा कोणाची? हा सवाल चौकात विचारा, मग बघा किती जण मिठी मारायला येतात.

असा सवाल विचारणारा कलावंत आपल्याकडे होऊन गेला. मेहबूब हुसेन पटेल, बार्शीचा, गिरणी कामगार. महाराष्ट्र त्याला शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात तो उभा राहिला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्याच्या आवाजाने पेटल्या. त्याने विश्वासाची भीक मागितली नाही. तो डफ घेऊन समोरच्याला जाब विचारत होता, आणि हजारो मराठी माणसे त्याला आपला म्हणत होती.

आणि आपली कौम? 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला आता पस्तीस वर्षे उलटली. तरी आपल्या किती घरांत अमर शेखांचे नाव माहीत आहे? मोहल्ल्यात मुशायऱ्याला मंडप पडतो, पाहुण्या शायराला लिफाफा मिळतो. पथनाट्य म्हटले की मात्र बुजुर्ग तोंड फिरवतात. मुलीने स्टेजवर उभे राहायचे म्हटले तर विचारूच नका. पट्टी बाहेरच्यांनी बांधली हे खरे, पण गाठ आवळायला आपलेही हात लागले आहेत.

26 जानेवारी 2020ला नागपाड्यात बाया रस्त्यावर बसल्या आणि मार्च उजाडला तरी बसून होत्या. त्यांना कोणी कलावंत म्हटले नाही. पण संविधानाची उद्देशिका एका आवाजात वाचणारी बुरख्यातली म्हातारी ज्यांनी पाहिली, त्यांना ओळख आणि संवाद यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तिचे डोळे उघडे होते. ती कोणाकडे गळाभेट मागत नव्हती. हा देश माझा आहे, आता तुमचे काय ते सांगा, असा तिचा सूर होता.

म्हणून संवादाचे प्रयोग घेऊन येणाऱ्या मुंबईच्या मंडळींना आमचे सांगणे आहे. या, जरूर या. येताना पट्टी, पाटी आणि कॅमेरा घरी ठेवा. आमच्या नववीच्या मुलांसोबत चार रविवार बसा. ती कोकणीत बोलतील, उर्दूत लिहितील, मराठीत भांडतील. अटल सेतूवर आपल्या अब्बांची मोटारसायकल का चालत नाही, यावर त्यांच्याकडे पंधरा मिनिटांचे नाटक तयार होईल. ते हनुमान कोळीवाड्यात करू, कोळ्यांची मुले आमच्यात घेऊ. टोपी कोणी घालायची आणि टोपली कोणी डोक्यावर घ्यायची, हे मुले आपसात ठरवतील. नाटक संपल्यावर टाळ्यांच्या आधी बंदराचा आणि सिडकोचा एकेक अधिकारी पुढे बोलवायचा आणि मुलांनी त्यांना प्रश्न विचारायचे. खुर्च्यांची सोय आम्ही करतो.