माय नव्हे, लेक!

घरी पाहुणा आला म्हणजे दिवाणखान्यात बसतो, चकलीची तारीफ करतो आणि निरोप घेतो. कोठीघरात डोकावण्याची त्याची प्राज्ञा नसते. वेबसाइटचेही तसेच. आपण पाहतो ती नुसती बैठक. मालाचे भाव, गिऱ्हाइकांची नावे, काल लिहिलेला लेख हे सारे आतल्या कोठीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, डब्याडब्यांतून लावलेले असते. कोणत्या डब्याचा कोणत्या डब्याशी संबंध, हे तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची शिस्त एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली घालून दिली.

आता आपल्या देशातल्या वेबसाइटींत कोणती कोठी लोकप्रिय, याची खानेसुमारी करायची कशी? मोजणारा बिचारा उंबऱ्याबाहेर! फोडणीच्या वासावरून आत काय शिजते ते ताडायचे. वेबसाइट ‘वर्डप्रेस’ची दिसली की आत मायएसक्यूएल किंवा तिची बहीण मारियाडीबी आहे असे समजावे, कारण वर्डप्रेसला या दोघींपैकी एक लागतेच. आणि २००३ साली जन्मलेल्या या वर्डप्रेसवर आज जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी सुमारे दोन चालतात. आपल्याकडचा क्लासवाला किंवा मंगल कार्यालयवाला स्वस्तातली भाड्याची जागा घेतो, तिच्यासोबत वर्डप्रेस येते आणि नवरीबरोबर पाठराखीण यावी तशी तिच्यासोबत ही कोठी येते. तिला पसंत असे कोणी केलेलेच नसते!

मात्र या पाठराखिणीचे कुळ ऐकण्यासारखे आहे. मायएसक्यूएलमधली ‘माय’ म्हणजे आई नव्हे, लेक! फिनलंडच्या मायकेल विडेनियसने १९९५ साली साथीदारांसह हा डेटाबेस काढला आणि त्याला आपल्या मुलीचे नाव दिले. २००८ साली सन कंपनीने तो सुमारे शंभर कोटी डॉलरना घेतला. पुढे ऑरेकलने सनलाच मागणी घातली आणि २०१० च्या जानेवारीत लेकीचे नाव ऑरेकलच्या घरात गेले. पण परवाना असा होता की मूळ मजकूर कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. विडेनियसने २००९ मध्येच त्याच भांड्यांनिशी वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या मुलीचे, मारियाचे, नाव दिले. विकिपीडियाने २०१३ साली आपला संसार तिच्याकडे हलवला. आपला मराठी विकिपीडियाही तिथेच शिजतो.

जाणकार मंडळी बर्कलेच्या विद्यापीठातून आलेल्या पोस्टग्रेसचे गोडवे गातात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. मग नुसत्या लोकप्रियतेला काय चाटायचे आहे?

याचे उत्तर मला आमच्या आळीतल्या मसालेवाल्या काकूंनी दिले. त्यांची वेबसाइट करून देणारा मुलगा परदेशी गेला आणि फोन उचलीनासा झाला. सात वर्षांच्या गिऱ्हाइकांचे पत्ते आत अडकले. “भाऊजी, कोठीला कुलूप आणि किल्ली समुद्रापार!” काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या. सुदैवाने भाड्याची पावती आणि परवलीचा शब्द त्यांनी देवघरातल्या डबीत जपले होते. मागच्या चाळीतला बी. एस्सी.चा मुलगा आला, आत डोकावला आणि हसला. “हे होय! हे तर आम्हांला अभ्यासालाच आहे.” दिवेलागणीच्या आत सारी कोठी एका फाइलीत उतरवून त्याने काकूंच्या हाती दिली.

नळ किती नक्षीदार आहे यापेक्षा त्याचा वायसर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो की नाही, हे संसारी माणूस आधी पाहतो. लोकप्रियतेची खरी किंमत तेवढीच, पण ती थोडी नव्हे. एक गेला तरी दुसरा दुरुस्तीला मिळतो. मालक बदलला तरी भांडी उचलून वेगळे होता येते.

तेव्हा वाचकहो, आपल्या दुकानाची, क्लासची वा मंडळाची वेबसाइट असेल, तर ती करणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: कोठी कोणती, आणि तिची प्रत आमच्या घरी केव्हा पोचवणार? फराळाचे ताट पुढे केलेले असले म्हणजे तो नाही म्हणायचा नाही!