परदेशातून आलेले मूल ‘नाजूक’ नसते

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एका नव्या प्रकारचे कुटुंब दिसू लागले आहे. नवरा-बायको तिशी-पस्तिशीतले, बरोबर एक-दोन लहान मुले आणि पिशवीत परदेशातल्या दवाखान्याची कागदपत्रे. कोणी आखाती देशातून, कोणी अमेरिकेतून, कोणी इंग्लंडातून कायमचे परत आलेले असते. आई-वडील थकले, नोकरीचा करार संपला, मुलांना आजी-आजोबा मिळावेत असे वाटले, कारणे निरनिराळी. पहिल्या सहा महिन्यांतली तक्रार मात्र एकच असते : ‘‘डॉक्टर, इथे आल्यापासून पोरांचं दुखणं सरतच नाही.’’

त्यावर शेजारी बसलेल्या आजी ठरलेले उत्तर देतात : ‘‘फॉरेनची पोरं, नाजूकच असायची! आमची नाही का वाढली याच पाण्यावर?’’

वाचकहो, आज मला या वाक्याविषयी लिहायचे आहे. ते प्रेमाने म्हटले जाते, पण खरे नाही. आणि त्यापायी घराघरांत बराच मनस्ताप होतो.

‘आमची वाढली’ हे म्हणायला जी वाढली तीच शिल्लक असतात. १९९० साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे सव्वाशे मुले पाचवा वाढदिवस पाहण्याआधीच जात. अलीकडे हा आकडा तिसाच्या आसपास आला आहे, तो काही मुले काटक झाली म्हणून नव्हे. लसी आल्या, मीठ-साखरेचे पाणी घरोघर माहीत झाले, पाणी व आहार थोडा सुधारला, म्हणून आला. जुन्या पिढीतल्या कोणत्याही आजीला एकान्तात विचारा, ‘‘तुम्हाला मुलं किती झाली आणि हाती किती लागली?’’ बऱ्याच जणींच्या डोळ्यांत पाणी येते.

काही जंतूंशी वारंवार गाठ पडली की त्यांच्याविरुद्ध थोडी प्रतिकारशक्ती येते, हे मी नाकारत नाही. पण टायफॉईड एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही, असे नाही. आणि ज्या मुलाला वरचेवर जुलाब होतात त्याचे वजन आणि उंची मागे पडते. जुलाब ही काही तालीम नव्हे, की जितके जास्त तितके अंग कसलेले.

एका घराचे उदाहरण देतो. इंग्लंडातल्या लीड्स शहरात सहा वर्षे राहून हे कुटुंब ऐन जूनमध्ये गावी आले. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. मुलांचा बाप लहानपणापासून माझाच पेशंट. त्याची नोकरी पुण्याला, त्यामुळे आठवड्याचे चार दिवस घरी सून, सासू-सासरे आणि मुले. महिन्याभरात धाकट्याला दोनदा जुलाब झाले. सून त्याच्यासाठी वेगळे पाणी उकळू लागली आणि घरात धुसफुस सुरू झाली. ‘‘आमच्या माठातलं पाणी पोराला चालत नाही, म्हणजे आम्ही काय घाणेरडे आहोत?’’ असा सासूबाईंचा सवाल. सूनबाई एक दिवस एकटीच आली आणि म्हणाली, ‘‘काका, आम्ही परत येऊन चूक केली का?’’

मी म्हटले, ‘‘अगं, दोन वेळच्या जुलाबांवरून एवढा मोठा निकाल लावू नकोस.’’ पण मनात आले, भांडण पाण्यावरून दिसत असले तरी ते मानाचे आहे. पुढच्या खेपेला सासूबाईंनाच बोलावले आणि सांगितले, ‘‘वहिनी, घरातल्या पाण्याचं खातं आजपासून तुमच्याकडे. खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर ठेवायचं, झाकून गार करायचं, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढायचं. हात बुडवायचा नाही. आणि हे पाणी एकट्या नातवाला नाही, सगळ्या घराला.’’ आता त्या घरात मुलाचा वेगळा तांब्या नाही. माझे सांगणे एवढेच की घरात एका माणसासाठी वेगळे पाणी ठेवू नये. जे चांगले ते सर्वांसाठी करावे. म्हणजे कोणाचा अपमान होत नाही आणि सासऱ्यांच्या पोटालाही आराम पडतो.

परतलेल्या आई-बापांसाठीही दोन शब्द. ‘आम्ही इथेच जन्मलो, आम्हाला काय होणार’ हा भ्रम सोडा. परदेशी पर्यटकांपेक्षा आपल्या माणसांकडे येणाऱ्यांना टायफॉईड, मलेरिया जास्त होतो, हे तिकडच्या डॉक्टरांनाही ठाऊक आहे. पर्यटक भीत भीत खातो. आपण मात्र मावशीने दिलेला बर्फाचा गोळा नको म्हणत नाही.

आल्यावर पहिल्या महिन्यात लसीकरणाचे कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. प्रत्येक देशाचे वेळापत्रक वेगळे असते. इंग्लंड-अमेरिकेत क्षयाची बीसीजी लस सरसकट सर्व बाळांना देत नाहीत, टायफॉईडची तर नाहीच. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात, राहिली असेल तर वर्षाच्या आत. टायफॉईडची लस अद्याप राष्ट्रीय कार्यक्रमात नाही. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती मुलांना मोहीम काढून दिली होती. आपल्या गावात ती विकत घ्यावी लागते, पण घेण्यासारखी आहे. आपला देश २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी पाच वर्षांखालील मुलांना पल्स पोलिओच्या रविवारी डोस पाजायचाच असतो. ‘तिकडे इंजेक्शन झालंय’ म्हणून टाळू नका.

जुलाब झाले तर पहिले औषध ओआरएस. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. तेच पाणी आज पाकिटात मिळते. जे पाकीट एक लिटरचे आहे, ते एक लिटरमध्येच मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नावात हे शब्द घालून गोड पेये विकण्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. तेव्हा रंगीत खोके पाहून भुलू नका. सहा महिन्यांवरील मुलाला याबरोबर झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, सहा तास लघवी नाही, मूल मलूल किंवा काही पीत नाही, असे दिसले तर घरी थांबू नका.

आता अशा दोन-तीन गोष्टी, ज्या कोणत्याही कार्डावर नसतात. वर सांगितलेली मुलगी पोट दुखते म्हणून तीनदा दवाखान्यात आली. जंत नव्हते, अपचन नव्हते. शाळेतल्या संडासाला कडी नव्हती आणि पाणी नव्हते, म्हणून ती सकाळपासून शौच-लघवी दाबून धरी आणि त्यासाठी पाणीही पीत नसे. याने बद्धकोष्ठ होते, लघवीला जळजळ होते. तेव्हा मूल ‘शाळेत जायचं नाही’ म्हणाले तर आधी अभ्यासाचे किंवा भाषेचे विचारू नका. शाळेचा संडास स्वतः बघून या.

दुसरी गोष्ट कुत्र्यांची. इंग्लंडातल्या पाळीव कुत्र्यांत रेबीज नाही. तिथले मूल कुत्रा दिसला की कुरवाळायला हात पुढे करते. त्याला पहिल्याच दिवशी समजवा. चावलाच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा. हळद-चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, लस तिथे मोफत असते.

तिसरी गोष्ट गाडीची. तिकडे मोटारीत मुलाला खास खुर्चीत पट्ट्याने बांधल्याशिवाय गाडी हलत नाही. आणि इथे आल्या आठवड्यात तेच मूल काकाच्या स्कूटरवर पुढे उभे! चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना बांधायचा पट्टा, डोक्यावर हेल्मेट आणि ताशी चाळीसच्या आत वेग, असा नियम २०२३ पासून लागू आहे. चांगली सवय इथे येऊन मोडू नका.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. हे पालक विचारतात, ‘‘सर्दीला अँटिबायोटिक खरंच लागेल का?’’ त्यांना शहाणपणा शिकवणारे समजून रागावू नये. प्रश्न योग्य आहे. विषाणूच्या सर्दीला ते लागत नाही. ‘डॉक्टरांनी सुई मारली नाही, म्हणजे औषध दिलंच नाही’ असे म्हणणारे पेशंट आपणच घडवले आहेत.

राहता राहिले गाव. परदेशातून आलेल्या घरात आज ना उद्या फिल्टर बसेल, टायफॉईडची लस विकत घेता येईल. पण दर हिवाळ्यात ऊसतोडीसाठी येणाऱ्या टोळ्यांची मुले पालावर राहतात आणि मिळेल ते पाणी पितात. त्या मुलांनाही जुलाब होतात. फक्त त्यांना कोणी ‘नाजूक’ म्हणत नाही आणि त्यांची आई मला ‘आम्ही इथे येऊन चूक केली का’ असे विचारत नाही. ती पोराला उचलून कामावर जाते.

तेव्हा लीड्सहून आलेल्या मुलाचे जुलाब ही त्याच्या पोटाची परीक्षा नसून आपल्या नळाची आहे. नगरपालिकेच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. तो कधी कोणी मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परतून आलेल्या तरुण पालकांना ती सवय असते. त्यांनी तो मागावा, शाळेच्या संडासाची कडी मागावी, आणि आपण जुन्या रहिवाशांनी ‘फॉरेनचे नखरे’ म्हणून त्यांना हसण्याऐवजी त्यांच्या अर्जाखाली सही करावी. पहिली सही मी करीन.