कार्ड आहे, दार बंद आहे

अमेरिकेतील गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेड, ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने अस्तित्वात आला. त्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी परिचारिकांना रोगनिदानाचे व उपचारांचे प्रगत शिक्षण देण्यास प्रारंभ केला. 'नर्स प्रॅक्टिशनर' या व्यवसायाचा उगम तेथला. डॉक्टर जेथे फिरकत नाहीत तेथे ही नर्स कुटुंबाचा आधार ठरावी, या अपेक्षेने १९८९ च्या कायद्याने तिची सेवा मेडिकेडमध्ये समाविष्ट करणे राज्यांना बंधनकारकही केले. तरीही मेडिकेडचे कार्ड हाती असलेल्या बाईला ते स्वीकारणारी नर्स आपल्या गावात सापडेलच असे नाही. विमा कंपनीच्या यादीतले क्रमांक फिरवावेत, तर कोणी गाव सोडलेले, कोणी नवे रुग्ण घेणे थांबवलेले, कोणी 'आम्ही मेडिकेड घेत नाही' असे सांगून मोकळे होणारे.

यासाठी नर्सला बोल लावणे सोपे आहे. पण मेडिकेडचे दर राज्ये ठरवतात आणि ते बहुतेक ठिकाणी वृद्धांच्या मेडिकेअरहून बरेच कमी असतात. त्यातही अनेक राज्ये नर्सला डॉक्टरपेक्षा कमी देतात. अंदाजपत्रकात काटछाट करावयाची झाली की पात्रता कमी केल्यास ओरड होते, दर गोठवल्यास होत नाही. हक्क कागदावर शाबूत राहतो, सेवा मात्र आटत जाते. दर इतके असावेत की सर्वसाधारण जनतेइतकीच सेवा गरिबांना मिळावी, असे कायद्यातच लिहिलेले आहे. परंतु २०१५ साली, आयडाहो राज्यातील एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सेवा देणाऱ्यांना हे कलम न्यायालयातून अमलात आणता येणार नाही असा निर्णय दिला. दाद मागण्याची वाटच बुजवली, तर त्या कलमाला अर्थ काय उरला?

उपाय अज्ञात आहे असे नाही. २०१३ व २०१४ या दोन वर्षांत केंद्राने पैसे देऊन प्राथमिक उपचारांचे दर मेडिकेअरच्या पातळीवर आणले, तेव्हा रुग्णांना भेटीची वेळ अधिक सहज मिळू लागली. (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या नर्सना मात्र ही वाढ नाकारण्यात आली होती!) मुदत संपताच बहुसंख्य राज्ये जुन्या दरांवर परतली. सार्वजनिक अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्यकेंद्रांना मेडिकेडकडून प्रत्येक भेटीमागे खर्चावर आधारलेला वेगळा दर मिळतो. तेथे हे कार्ड चालते.

अशा वेळी २०२५ च्या कायद्याने, विस्तारित मेडिकेडमधील कार्यक्षम प्रौढांना महिन्याला ८० तासांच्या कामाचा पुरावा मागण्याची अट घातली असून तिच्या अंमलबजावणीसाठी १ जानेवारी २०२७ ही तारीख ठरवली आहे. गंभीर आजार असलेल्यांना सूट आहे. पण जिला तपासणारेच कोणी मिळाले नाही, तिच्या आजाराची नोंद कोठून यावी?