लिहिणाऱ्या हातांना जागा कोण देणार?

मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली आणि पुढे लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृहही येथे उभे राहिले. ही आनंदाची बाब होय. परंतु नाट्यगृह हे तयार झालेली कला सादर करण्याचे ठिकाण. कला जेथे प्रथम चुकतमाकत आकार घेते, त्या जागेचा मात्र नगररचनेच्या नकाशात पत्ता नसतो. ज्या दलित स्त्रीच्या घरी एकच खोली आहे आणि जिचा दिवस पगारी व बिनपगारी अशा दोन्ही कामांत सरतो, तिला ही उणीव सर्वांत महाग पडते.

बेबीताई कांबळे यांचे उदाहरण बोलके आहे. फलटणच्या आपल्या लहानशा दुकानात, सामान बांधण्यासाठी आणलेली रद्दी वाचत त्यांनी वाचनाचा नाद जोपासला. स्वतः लिहिलेले मात्र त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून दडवून ठेवले. मॅक्सीन बर्नसन यांनी पाठपुरावा केला, 'स्त्री' मासिकाने ते लेखन क्रमशः छापले, आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले. या वीस वर्षांची किंमत राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. आणि ज्यांना असा पाठपुरावा करणारे कोणी भेटलेच नाही, त्यांची तर मोजदादही नाही.

ऐंशीच्याच दशकात मुंबईत 'संवादिनी' हा दलित स्त्री साहित्य मंच निघाला. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून त्यांच्या आठवणी टिपल्या. त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध झाला. एकटीने घरात बसून हे काम झाले नसते.

दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, हे सर्वश्रुत आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांकडे मात्र आपले लक्ष फारसे गेले नाही. फेथ रिंगगोल्ड, के ब्राऊन, डिंडगा मॅकॅनन या चित्रकर्तींनी १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये आपला स्वतंत्र गट उभारला. १९८० साली ऑड्री लॉर्ड व बार्बरा स्मिथ यांनी प्रकाशनसंस्था काढली आणि तिला नाव दिले 'किचन टेबल'. जागा नव्हती तेथे स्वयंपाकघरातले टेबल होते!

कलेला जात कशाला चिकटवता, असा प्रश्न येथे हमखास येईल. प्रश्नकर्त्यांनी एखाद्या साहित्यसभेत अध्यक्षस्थानी कोण बसते, कविता कोणाची शेवटी ठेवली जाते आणि चहा कोण आणते, एवढेच पाहावे. स्वतंत्र बैठक ही फुटीरता नव्हे. मोठ्या सभेत निर्धास्त बोलता यावे म्हणून केलेली ती पूर्वतयारी असते.

मागणी मोठी नाही. महापालिकेच्या शाळांतील वर्ग सायंकाळी रिकामे असतात. त्यांपैकी एक खोली आठवड्यातून दोनदा, नाममात्र भाड्याने, अशा स्त्रियांच्या मंडळाला मिळावी. वह्या-चित्रांसाठी कुलपाचे एक कपाट असावे आणि लेकरांना खेळायला शेजारचा वर्ग. भाईंदरच्या कारखान्यातून सुटणाऱ्या बाईला नाट्यगृहाचे भाडे झेपणारे नाही. शाळेपर्यंत मात्र ती चालत जाऊ शकते. त्यासाठी अंदाजपत्रकात नवे शीर्ष उघडण्याचे कारण नाही. एक ठराव आणि रखवालदाराला दोन तासांचे जादा वेतन, एवढ्यावर भागेल.