पुन्हा सुरू झालेली सिगरेट आणि आपला केसपेपर

सिगरेट सोडून काही आठवड्यांनी पुन्हा ओढू लागलेला रुग्ण त्या कारणासाठी सहसा परत येत नाही. खोकल्यासाठी किंवा रक्तदाब तपासायला येतो आणि तो विषय टाळतो. आपणही ‘परत सुरू केलीत ना?’ एवढे विचारून पुढच्या औषधाकडे वळतो. ही भेट उपचारातली फार मोलाची भेट आहे आणि आपण ती वाया घालवतो, असे आमचे ठाम मत आहे. कुणाच्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी सहा ते बारा महिन्यांनी जेमतेम ३ ते ५ टक्के लोक सिगरेटपासून दूर असतात आणि बहुतेकांची पहिली घसरण पहिल्या आठवडाभरातच होते. म्हणजे पुन्हा सुरू होणे हा या व्यसनाचा नेहमीचा क्रमच आहे. तरीही केसपेपरवर आपण ‘धूम्रपान : हो’ एवढेच लिहितो. आधी काय घेतले, किती दिवस टिकले, कशामुळे तुटले, याची नोंदच नसते. मग दुसऱ्या वेळीही तेच औषध, त्याच मात्रेत आणि तोच उपदेश दिला जातो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी १९८०च्या दशकात दाखवले की पहिल्या झुरक्याइतकाच घात त्यानंतरचा विचार करतो. ‘माझ्याने होणार नाही’ असे एकदा मनाने घेतले की एका सिगरेटचे पाकीट व्हायला वेळ लागत नाही. आपल्या कपाळावरची आठी नेमका हाच विचार पक्का करते. रुग्णाला लाज वाटली तर तो सिगरेट सोडत नाही, आपल्याकडे येणे सोडतो.

म्हणून चौकशी बारकाईने करायला हवी. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागत असेल तर २ मिलिग्रॅमचे निकोटिन गम त्याला कमी पडले असण्याची शक्यता मोठी. ४ मिलिग्रॅमचा विचार करावा, किंवा पॅच आणि गम एकत्र द्यावेत. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा अधिक लोकांना लागू पडतात, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. गम घेतले कसे, हेही विचारावे. तलफ टपरीवर येते, हातात चहा असतो आणि चहाबरोबर चघळलेल्या गममधले निकोटिन तोंडातून नीट शोषलेच जात नाही. ‘गमचा उपयोग झाला नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच असते. चहानंतर पंधरा मिनिटे थांबायचे, गम थोडे चावून गालात दाबून ठेवायचे, हे करून दाखवावे लागते. पहिली सिगरेट कुठे ओढली? दारूच्या बैठकीत, रात्रपाळीत की घरच्या भांडणानंतर? ती जागा, ती वेळ आणि तिथला माणूस कळला, तर पुढचे काही आठवडे त्या वेळी काय करायचे, हे रुग्णाच्याच तोंडून ठरवून घेता येते. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळात फोन कुणाला करायचा, तेही नाव ठरलेले असावे. घरातले एक माणूस टोमणे न मारता सोबत राहील का, हे त्याच्यासमक्ष विचारावे. आणि आपल्याकडे एक प्रश्न विसरून चालणार नाही : सिगरेट सुटली तेव्हा तंबाखू-चुना सुरू झाला होता का? २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, तर धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के.

काही सहकारी म्हणतील, घसरणीला इतके समजून घेतले तर रुग्णाला मोकळीकच मिळेल. झुरका घेण्याआधीचा सल्ला आणि नंतरचा सल्ला वेगळे ठेवले की ही भीती उरत नाही. आधी सांगायचे, ‘एकही नको.’ नंतर सांगायचे, ‘आजच थांबा आणि या आठवड्यात भेटा.’ दुसरा आक्षेप वजनदार आहे. सोडलेल्यांना घसरण टाळण्याचे निव्वळ कौशल्य-प्रशिक्षण देऊन फायदा होतो, असे २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले नाही. ते मान्य करायलाच हवे. पण तो प्रश्न सोडून टिकलेल्यांचा आहे. पुन्हा ओढू लागलेल्याला नव्याने औषध आणि आधार देणे हा उपचार वेगळा, आणि त्याला पुरावा आहे. व्हॅरेनिक्लिन पूर्वी घेऊनही सिगरेट ओढत असलेल्यांना २०१४च्या एका चाचणीत तेच औषध पुन्हा दिले. नवव्या ते बाराव्या आठवड्यात ४५ टक्के लोक पूर्ण थांबलेले होते, नुसत्या प्लासिबोवर सुमारे १२ टक्के. वर्षअखेरीस हे आकडे २० आणि ३ टक्क्यांवर उतरले. उतार मोठा आहे, पण एकदा फसलेले औषध कायमचे बाद, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

उरतो वेळेचा प्रश्न, आणि गर्दीच्या ओपीडीत तो खरा आहे. पण सगळे आपणच करायचे नाही. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन २०१६ पासून चालू आहे, तिचा नंबर प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो आणि तिथले समुपदेशक पाठपुरावाही करतात. आपण प्रश्न विचारावेत, औषध बदलावे आणि पुढची तारीख द्यावी. सिगरेट सोडणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी आठवड्यानंतरची तारीख घाला आणि त्याला स्पष्ट सांगा की ओढली असली तरी यायचे आहे.