समाचाराला कोण येणार?

मंडळी, सध्या एक युक्तिवाद फार कानावर येतो. खेड्यापाड्यात मनाचे डॉक्टर नाहीत, यायला कोणी तयार नाही, पण फोन मात्र घरोघरी पोचलाय. तेव्हा खेड्यातल्या माणसाने आपलं दुखणं फोनमधल्या बोलक्या यंत्राला सांगावं. ते मराठी बोलतं, रात्री दोन वाजताही जागं असतं, पैसे मागत नाही, कंटाळत नाही. माझा पुण्याचा भाचा याच धंद्याच्या आसपास नोकरीला आहे (हे वाचणारच आहे तो, म्हणून स्पष्ट लिहिते). तो म्हणाला, "मावशी, तुमच्या उमरग्यासारख्या ठिकाणीच याचा खरा उपयोग."

'उमरग्यासारख्या ठिकाणी'! पुण्याला माणूस आणि आम्हाला यंत्र, अशी ही वाटणी. आज तिच्याशीच भांडायचं आहे.

आधी एक सांगून टाकते. यंत्र म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. हे सगळं स्वतःच्या बोटांनी टाइप करतेय. सरकारने २०२५ साली काढलेलं ते 'महाविस्तार' अ‍ॅप आमच्या शेजारच्या पोराच्या फोनवर आहे, तो त्याला सोयाबीनबद्दल मराठीत प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळतं. छान आहे की! पिकावरच्या किडीला लाज वाटत नसते, ती काही लपवत नाही. माणसाचं तसं नसतं.

यंत्राला दुःख सांगण्याची गोष्टही आजची नाही. १९६६ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये जोसेफ वायझेनबाउम नावाच्या प्राध्यापकांनी 'एलिझा' नावाचा संगणकाचा कार्यक्रम तयार केला. त्याला कळत काहीच नव्हतं. तुम्ही लिहिलेलं वाक्य उलटवून तो तुम्हालाच प्रश्न करायचा. 'मला उदास वाटतं' म्हटलं की 'तुम्हाला उदास का वाटतं?' एवढंच. पण त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीबाई, ज्यांनी हे काम महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर होताना पाहिलं होतं, त्याच्याशी बोलायला बसल्या आणि थोड्या वेळाने सरांना म्हणाल्या, जरा बाहेर जाता का? सर हादरले. १९७६ साली त्यांनी पुस्तक लिहून बजावलं की काही कामं यंत्राला जमली तरी त्याच्या हाती देऊ नयेत. हे गृहस्थ ज्यू, १३ वर्षांचे असताना कुटुंबाबरोबर हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले. माणसाच्या जागी हिशेब बसला की काय होतं, ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

म्हणजे ओढ यंत्रात नाही, आपल्यात आहे. जे उत्तर देतं त्याच्यात आपण माणूस पाहतो. आपण बैलाशीसुद्धा बोलतो. फरक एवढाच की बैल आपल्याला धरून ठेवण्यासाठी गोड बोलत नाही.

भाच्याने मला एक अभ्यास पाठवला. अमेरिकेतल्या डार्टमथ इथला, मार्च २०२५ मध्ये छापून आलेला. असं यंत्र वापरलेल्या लोकांची उदासीची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी उतरली. मी मराठी माध्यमाची बी.ए., पण इंग्रजी वाचता येतं, आणि ४० वर्षं पेपर तपासले असल्याने प्रश्न काय होता हे आधी बघायची सवय आहे. तुलना कोणाशी केली होती? प्रतीक्षा यादीत ठेवलेल्या लोकांशी. म्हणजे ज्यांना त्या काळात काहीच मिळालं नाही, त्यांच्याशी. उपाशी माणसापेक्षा बिस्किट खाल्लेल्याला बरं वाटलं, हे खरंच आहे. त्यावरून त्या गावात भाकरीची गरज नाही, असं कसं ठरतं?

आणि आम्ही तर १९९३ पासून त्या प्रतीक्षा यादीत उभे आहोत.

नव्या वाचकांसाठी सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारी औसा तालुक्यात, आणि सास्तूर तेव्हा आमच्या उमरगा तालुक्यात (लोहारा तालुका नंतर वेगळा झाला). दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाची माती, आणि सगळं झोपेतल्या माणसांवर आलं. सुमारे ८ हजार माणसं गेली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरू लागल्या तेव्हा काही महिने मलाही तिकडे पाठवलं होतं. चौथीतला एक मुलगा बोलायचाच नाही. आई आणि बहीण दोघी गेलेल्या. हजेरी घेताना त्याचं नाव आलं की सगळा वर्ग त्याच्याकडे बघायचा आणि तो जमिनीकडे. शहरातून एक पथक आलं, त्यांनी मुलांना रंग दिले, कागद दिले, चित्रं काढून घेतली. चांगले होते लोक. पंधरा दिवसांनी गेले, जाताना चित्रंही घेऊन गेले.

शेडच्या मागे एक म्हातारी राहायची. तिचंही सगळं घर गेलेलं, शेळ्या तेवढ्या वाचल्या होत्या. तिला विसाच्या पुढे मोजता यायचं नाही. तिने या पोराला कामाला लावलं, रोज संध्याकाळी माझ्या शेळ्या मोजून दे म्हणून. नाही गेला तर ती शेडच्या दारात येऊन सगळ्यांदेखत ओरडायची, "माझ्या शेळ्या कोन मोजायचं रं?" त्या मुलाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलेला शब्द 'तेवीस' होता. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. तसलं बरं होणं कसं असतं मला माहीत नाही. पण त्याला रोज संध्याकाळी कुठेतरी जाणं भाग होतं, कारण कुणाचं तरी त्याच्यावाचून अडलं होतं.

माझं भांडण इथे आहे. फोनमधल्या यंत्राचं तुमच्यावाचून काही अडत नाही. ते तुमचं ऐकेल, पण शेळ्या मोजायला बोलावणार नाही. तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत म्हणून दारात येऊन ओरडणार नाही.

हे केवळ म्हातारीचं भावूक बोलणं आहे असं वाटत असेल तर मेंदूचं घ्या. २००६ साली अमेरिकेत जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांचे मेंदू तपासले. मशीनमध्ये झोपवून, आता पायाला विजेचा झटका बसेल अशी भीती घातली. हातात कुणाचाच हात नसताना मेंदूतली धोक्याची गडबड सगळ्यात जास्त. परक्याचा हात धरला तर थोडी कमी. नवऱ्याचा हात धरला तर बरीच कमी, आणि ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमत होतं त्यांच्यात आणखी कमी. (ज्यांचं जमत नव्हतं त्यांच्याविषयी आपण न बोललेलं बरं!) सांत्वन नुसत्या शब्दांत नसतं, हे आमच्याकडे मयताच्या घरी कडू घास घेऊन जाणाऱ्या बाईला मशीनशिवाय माहीत असतं. ती फार बोलतही नाही. ताट ठेवते, बसते, दोन घास खायला लावते.

आता दुसरी गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. धाराशिव जिल्ह्यात उभी पिकं पाण्याखाली गेली, कुठे मातीसुद्धा वाहून गेली. त्यानंतरची ही हकिकत. गावाचं नाव सांगत नाही. एक शेतकरी, सोयाबीन कुजलेलं, विचारलं की "बरं हाय की" एवढंच म्हणायचा. एके दिवशी तो किराणा दुकानात गेला आणि ३४० रुपयांची उधारी चुकती करून आला. दुकानदाराने पैसे घेतले, आणि मग त्याला काहीतरी खटकलं. पीक गेलेला माणूस उधारी मागायला येतो, फेडायला कसा आला? बायकोकडे विचारलं तर कळलं, शेजाऱ्याचा आणलेला विळा, पाहुण्याची आणलेली सतरंजी, सगळं दोन दिवसांत परत करून झालंय. दुकानदार त्या रात्री त्याच्या ओट्यावर जाऊन बसला तो उजाडेपर्यंत उठला नाही. सकाळी आशाताईला बोलावलं, १४४१६ ला फोन लावला, आणि दुपारी त्याला घेऊन सोलापूर गाठलं. माणूस आज आहे. रब्बीची पेरणी केली त्याने.

हा माणूस यंत्राला काय सांगणार होता? त्याने ते उघडलंही नसतं. उघडलं असतं तरी 'बरं हाय' म्हणाला असता, आणि यंत्राने त्यावर विश्वास ठेवला असता. आमच्याकडे कोणी 'मी नैराश्यात आहे' असं म्हणत नाही. 'झोप लागंना', 'डोकं जड हाय', 'मन लागंना' म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. ते ओळखायला त्या माणसाची उधारी माहीत असावी लागते.

यावर खरा जोरदार आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. ज्या गावाला उधारी माहीत असते, त्या गावाला जीभही असते. माझ्या एका विद्यार्थिनीची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, रात्री यंत्राशी बोलते. मला म्हणाली, "आजी, आईला सांगितलं तर मामाला कळेल, मामाला कळलं की स्थळं यायची बंद होतील." काय उत्तर देणार? समाचाराला आलेली माणसंही कधीकधी असं बोलून जातात की जखमेवर मीठ बरं. त्या मुलीला मी नावं ठेवणार नाही.

पण जी गुप्तता तिला हवी आहे ती तरी तिथे आहे का? आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन उपचार करणाऱ्यांवर घातलेलं आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन जुलै २०२५ मध्ये स्वतःच म्हणाले की डॉक्टर-वकिलाशी बोलण्याला जसं कायद्याचं संरक्षण असतं तसं या बोलण्याला नाही. त्याच कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये आपली एक सुधारणा काही दिवसांतच मागे घेतली, कारण यंत्र फारच हांजी हांजी करू लागलं होतं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीनेच आकडा दिला. आठवड्याला वापरणाऱ्या ८० कोटींहून अधिक लोकांपैकी ०.१५ टक्के लोकांच्या बोलण्यात आत्महत्येच्या बेताची स्पष्ट चिन्हं दिसतात. गुणाकार करा. आठवड्याला १२ लाख होतात! इतकी माणसं तिथे येऊन हे बोलतात, आणि त्यांच्या ओट्यावर कोण बसतं? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्राकडून मानसोपचार देण्यावर कायद्याने बंदी घातली. जिथे ही यंत्रं तयार होतात त्या देशातलं एक राज्य असं करतं, आणि आमच्यासाठी मात्र तेच वरदान.

आता 'डॉक्टरच नाहीत' या वाक्याकडे येते. ते असं म्हटलं जातं, जणू पाऊस नाही. डॉक्टर नसणं हे आभाळातून पडत नाही, ते ठरवलेलं असतं. राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. चारांत मराठवाडा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळतच नाहीत. त्याच सुमारास सरकारने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला, आपला जिल्हा त्यात आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन ताणाखालचा शेतकरी ओळखायचा, ही त्यातली कल्पना. मला विचाराल तर कल्पना अगदी बरोबर, कारण ती दुकानदाराच्या जातीची आहे. आणि २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतसुद्धा. पलीकडे माणूस असतो. हा नंबर आमच्या बाजारात किती जणांना पाठ आहे ते विचारून बघा. रिचार्जच्या जाहिराती मात्र सगळ्यांना पाठ आहेत.

ज्या आशाताईच्या डोळ्यांवर हे सगळं उभं आहे, तिला पगार नाही, मानधन आहे. २०२४ च्या सुरुवातीला त्या बायका वाढीव मानधनाच्या शासन निर्णयासाठी मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडून होत्या. लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं, कागद, सगळं त्यांच्याच गळ्यात. त्यातून एखाद्या घरी तासभर नुसतं बसायला त्यांनी वेळ कुठून काढायचा? बसण्याचे पैसे कुठल्याच तक्त्यात नसतात.

तेव्हा आमच्यासारख्या ठिकाणी यंत्र पाठवायचंच असेल तर आशाताईच्या हातात द्या. तिचे तक्ते ते भरू दे, तिच्या नोंदी ते ठेवू दे, सोलापूरच्या डॉक्टरांची वेळ ते घेऊ दे. वाचलेल्या दोन तासांचं मानधन तिच्या खात्यात जमा करा, आणि तिला ओट्यावर बसायला मोकळी सोडा.