मुलीचे पहिले खाते

पी.यू.सी.चा निकाल लागला की जोयडा तालुक्यातील घराघरांत धारवाडला जाण्याची लगबग सुरू होते. ट्रंक, चादर, लोणच्याची बरणी, सारे आठवणीने भरले जाते. बँकेचे खाते मात्र घाईघाईत उघडले जाते. वाचकहो, या निवडीसही थोडा वेळ द्यावा, असे आम्हांस वाटते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक बँकेत ‘मूलभूत बचत ठेव खाते’ मिळते. त्यात किमान शिल्लक ठेवण्याचे बंधन नाही व एटीएम कार्डास वार्षिक आकारही नाही. ते नाव घेऊनच मागावे. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

शिष्यवृत्तीची सरकारी रक्कम आधारमार्फत येते, तेव्हा ती अनुदानासाठी आधार शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होते. पुढे दुसऱ्या बँकेत अशी जोडणी केली, तर पैसे तिकडे वळतात आणि मुलगी जुन्याच पासबुकात ते शोधत बसते.

सर्वांत मोठी चूक आम्हां पालकांची. खात्याला आम्ही आपलाच मोबाइल क्रमांक देतो. खानावळीचे पैसे भरण्यास मुलगी धारवाडात खोळंबलेली, आणि ओटीपी येणार तो रेंज नसलेल्या वाडीतील वडिलांच्या फोनवर! क्रमांक तिचाच द्यावा. ओटीपी कोणासही सांगू नये, एवढे मात्र बजावावे. जिला एकटीने परगावी राहू देतो, तिच्या हाती तिचे खाते सोपविण्यास कचरू नये.